घरी केअरटेकर, डे केअर, मग असिस्टेड लिव्हिंग: बाबांसाठी तिन्ही वापरून झाल्यावर

बाबांना असिस्टेड लिव्हिंगमध्ये ठेवून आता बरेच महिने झालेत, त्याआधी घरी केअरटेकर होता, मध्ये काही काळ डे केअरही करून बघितलं. ओळखीतलं कोणी ना कोणी सारखं विचारतंच की कसं आहे, ठेवावं का, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. बाबा चौऱ्याऐंशीचे, पार्किन्सन्स आहे पण डोकं एकदम शाबूत, बातम्यांवर तासभर वाद घालतील आणि त्याच माणसाला शर्टाची बटणं लावायला पंधरा मिनिटं लागतील. हे आधी सांगितलं कारण माझा अनुभव अशा माणसापुरताच खरा धरा, डिमेन्शिया (स्मृती आणि समज कमी होत जाण्याचा आजार) असेल तर सगळं गणितच वेगळं, त्यावर खाली येतेच.

पर्यायांची नावं वाचून काही ठरवू नका. कागदावर सगळं सोपं वाटतं. इंडिपेंडंट लिव्हिंग म्हणजे स्वतःचं बिऱ्हाड, आजूबाजूला समवयस्क, साफसफाई-दुरुस्तीची कटकट नाही, पण तिथे कोणी आंघोळ घालायला येत नाही. असिस्टेड लिव्हिंग म्हणजे रोजच्या कामांना हाताशी माणूस. नर्सिंग होम म्हणजे चोवीस तास सिस्टर, नळ्या, ड्रेसिंग, इंजेक्शनं. प्रत्यक्षात एकच पाटी असलेल्या दोन जागांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक निघतो. आम्ही शेवटी पाट्या वाचणं सोडून बाबांचीच यादी केली. डॉक्टरांनी दोन जुन्या याद्या दिल्या होत्या, एक सिडनी कॅट्झ यांची १९६३ची, त्यात सहा गोष्टी: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाऊन येणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. दुसरी लॉटन आणि ब्रोडी यांची १९६९ची, त्यात फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैशाचे व्यवहार. दुसऱ्या यादीतलं अडत असेल आणि पहिली धडधाकट असेल तर घरी थोडी मदत लावून भागतं, हलवायची घाई कशाला. पहिल्या यादीतलं सुटायला लागलं की मात्र खरा विचार सुरू होतो. कॅट्झ यांचं निरीक्षण होतं की साधारणपणे आधी आंघोळ सुटते आणि हाताने जेवणं सगळ्यात शेवटी, आमच्याकडेही अगदी त्याच क्रमाने चाललंय.

यादीत मी माझ्या मनाने एक भर घातली आणि सगळा निर्णय त्यावरच झाला. प्रत्येक कामासमोर दोन रकाने, दिवस आणि रात्र. बाबांचा दिवसाचा रकाना बराच रिकामा निघाला आणि रात्रीचा गच्च भरला. पार्किन्सन्समध्ये रात्री औषधाचा असर उतरतो, अंग लाकडासारखं होतं, कुशीवर वळायलाही दुसऱ्याचा हात लागतो, त्यात लघवीला उठणं, आणि उठताक्षणी बीपी खाली येऊन चक्कर. पडण्याचा धोका नेमका तिथेच. आणि गंमत बघा, बाजारात मिळणारी बहुतेक मदत दिवसाची असते.

घरच्या केअरटेकरबद्दल माझी तक्रार अशी नाहीच. दिवसपाळीचा मुलगा फार चांगला होता, बाबांचा हात धरण्याआधी "आजोबा, उठूया का?" असं विचारायचा, ओढायचा नाही. एकास एक लक्ष जे घरी मिळतं ते कुठल्याही संस्थेत मिळणार नाही हे लिहून ठेवा. पण माणूस बदलला की पहिल्यापासून शिकवणी, रात्रपाळीचा माणूस गाढ झोपायचा, आणि सुट्टी घेतली की बदली कोण तर मी. ताई दूर राहते, ती फोनवर सल्ले द्यायची, मी रात्री दोनला उठायचे. (ताई, वाचत असशील तर राग मानू नकोस, खरं तेच लिहितेय.) वर घरी बाबांशी दिवसभर बोलणार कोण? केअरटेकर मोबाईलमध्ये, बाबा खिडकीत.

डे केअर त्या बाबतीत भारी निघालं. सकाळी न्यायचं, संध्याकाळी आणायचं, तिथे व्यायाम, पत्ते, गप्पा, फिजिओ यायचा. बाबा घरी येऊन दुसऱ्यांच्या तक्रारी सांगायला लागले म्हणजे मन रमलं होतं. ज्यांच्या घरी रात्र ठीक जाते आणि दिवसा सगळे कामावर असतात त्यांनी आधी हेच बघावं, बरेच लोक हा पर्याय विचारातच घेत नाहीत. आमचा प्रश्न रात्रीचा होता, तो जागच्या जागी राहिला.

मग आम्ही रेस्पाइट स्टे घेतला, म्हणजे ठरावीक दिवसांपुरतं असिस्टेड लिव्हिंगमध्ये राहायचं, कायमची सही नाही. तो मिळत असेल तर घ्याच, तिथली रात्र कशी असते ते कुठल्याही टूरमध्ये दाखवत नाहीत.

आता सध्याची जागा, नाव देत नाही. चांगलं आधी सांगते. बाथरूमला दोन्ही बाजूंनी दांडे, उंबरठा नाही, शॉवर चेअर पक्की, पलंगाची उंची कमी-जास्त होते, रात्री पायाशी मंद दिवा. ऐकायला किरकोळ वाटतं पण इथे आल्यापासून बाबा पडलेले नाहीत. रात्री दोनदा कुशीवर वळवायला माणूस येतो. आणि मी आता त्यांच्याकडे मुलगी म्हणून जाते, डोळ्यात झोप घेऊन नाही, आमची भांडणं परत राजकारणावरून होतात.

वाईट म्हणाल तर सगळ्यात मोठा त्रास औषधांच्या वेळेचा झाला. त्यांची ट्रॉली ठरलेल्या वेळी निघते आणि एकेक खोली करत जाते, बाकीच्यांच्या बीपीच्या गोळीला अर्धा तास इकडे-तिकडे चालतं. लेव्होडोपाला, म्हणजे बाबांच्या पार्किन्सन्सच्या गोळीला, नाही चालत. गोळी उशिरा झाली की बाबा खुर्चीत अडकल्यासारखे बसून राहतात, आणि जेवणासोबत दिली, त्यातही प्रथिनं जास्त असतील, तर नीट लागू पडत नाही, जेवणाआधी अर्धा तास द्यावी लागते. हे नर्सिंग इन्चार्जला किती वेळा सांगितलं, ती मान डोलवायची आणि परत तेच. शेवटी डॉक्टरांकडून वेळा लेखी घेतल्या, त्यांच्या औषधाच्या चार्टवर लाल पेनाने लिहायला लावल्या आणि बाबांच्या मनगटी घड्याळात अलार्म लावले. अलार्म वाजला की बाबा स्वतः बेल वाजवतात. तेव्हापासून सुधारलं. घरात कोणाला पार्किन्सन्स असेल तर जागा बघायला जाल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा की औषध तुमच्या राउंडच्या वेळेला देणार की पेशंटच्या.

बेलचं पण ऐका. टूरमध्ये प्रत्येक खोलीत बेल दाखवतात, लाल दोरी पलंगाशेजारी. एकदा गेले तर दोरीची गुंडाळी करून वर स्विचबोर्डवर अडकवलेली, पुसताना मध्ये येते म्हणून. निजलेल्या माणसाचा हात तिथवर कसा पोचणार? तेव्हापासून मी गेले की आधी दोरी बघते, मग ती ओढते आणि घड्याळ लावून बसते. दुपारी दोन-तीन मिनिटांत येतात. रात्री जेवणं उरकायच्या वेळी दहा मिनिटंही लागलीत. रात्रपाळीला मजल्यावर किती माणसं आणि किती खोल्या, हा आकडा तोंडी नको, लेखी मागा, आणि कोणी सुट्टीवर गेलं तर बदली कोण तेही.

तिसरी गोष्ट जरा वेगळी आहे, जास्त मदतीची. बाबा घरी रडतखडत का होईना शर्ट स्वतः घालायचे. इथे सकाळी एका माणसाला सात-आठ जणांना तयार करायचं असतं, त्यामुळे त्याने सरळ टी-शर्ट डोक्यातून घातला की झालं काम. काही आठवड्यांत बाबांची बटणांची सवयच गेली. हात वापरला नाही तर सुटतोच. एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन यांचा १९७६चा एक गाजलेला प्रयोग आहे, नर्सिंग होमच्या एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की तुमचे निर्णय तुमचे, आणि एक रोपटं सांभाळायला दिलं, दुसऱ्या मजल्यावर सांगितलं की सगळं स्टाफ बघेल, रोपटंसुद्धा. तीनच आठवड्यांत पहिले लोक जास्त तरतरीत आणि खूश दिसले. मी तो प्रयोग मॅनेजरला ऐकवला, तो हसला, पण केअर प्लॅनमध्ये "शर्ट स्वतः घालतील, वेळ द्यावा" ही ओळ आली. आता बाबांना सगळ्यात शेवटी तयार करतात. खालची दोन बटणं अजून जमत नाहीत.

करारात एकच कलम नीट वाचा, कुठल्या अवस्थेत ते तुम्हाला "आता आमच्याकडे जमणार नाही" म्हणू शकतात. उचलायला दोन माणसं लागली, नळी लागली, रात्री भटकायला लागले, यातलं काय चालतं काय नाही ते आधी कळायला हवं. आणि मदत वाढली की दर कसा वाढतो तेही तिथेच असतं, मधल्या पानावर, बारीक अक्षरात.

डिमेन्शियाचं म्हणाल तर माझे मामेसासरे मेमरी केअरमध्ये, म्हणजे अशा पेशंटसाठीच्या वेगळ्या जागेत, आहेत. त्यांना संध्याकाळ झाली की बेचैनी सुरू होते, ऑफिसला निघायचं म्हणून दारं ढकलतात. आमच्या जागेत ते एक दिवसही सुरक्षित राहिले नसते, मेमरी केअरमध्ये मुख्य दार बंद असतं पण आत फिरायला गोल वाट आहे, कुठे अडायला होत नाही. नेदरलँड्समध्ये होगेवेक नावाची अख्खी वसाहतच २००९मध्ये याच विचाराने सुरू झाली, दुकानं, चौक, बाग, सगळं आत आणि माणसं मोकळी. पण एक सांगते, गोंधळ अचानक एक-दोन दिवसांत वाढला तर डिमेन्शिया वाढला म्हणून जागा बदलायला धावू नका, आधी युरिन इन्फेक्शन आणि पाणी कमी पडतंय का ते डॉक्टरांकडून तपासा. मामांच्या बाबतीत तेच निघालं होतं.

आमच्या जागेत कोणी येऊ नये असं विचाराल तर ज्यांना रात्री उचलायला दोन माणसं लागतात त्यांनी, आणि जखमेचं रोजचं ड्रेसिंग आहे त्यांनी, सरळ नर्सिंग होम बघा. एकटं राहायला कंटाळलेल्या पण धडधाकट माणसाला इथलं वेळापत्रक जाचेल. बाबांसारखा, ज्याचा दिवस बरा आणि रात्र अवघड, त्याला चालेल, फक्त घरचं कोणीतरी न सांगता अधूनमधून जाऊन ती लाल दोरी ओढणारं हवं.