नागपूर ते अनहोनी: गरम झऱ्यासाठी ठरवलेली भाड्याची गाडी

मध्य प्रदेशातील अनहोनीच्या गरम झऱ्यांपर्यंत जाऊन त्याच दिवशी नागपूरला परत येता येते, असे गाडी ठरवताना आम्हाला सांगण्यात आले होते आणि ते खोटे नव्हते. मात्र चारशेहून अधिक किलोमीटरांच्या या फेरीत प्रत्यक्ष झऱ्यापाशी किती वेळ मिळेल, हे गाडीवाल्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पहाटे पाचला निघूनही तिथे आमच्या वाट्याला जेमतेम सव्वा तास आला.

गाडी स्वच्छ होती. चालकाबद्दल तर तक्रारीला जागाच नाही. रामाकोन्यानंतरच्या सिल्लेवानी घाटात, मालमोटारींच्या रांगेमागे असतानाही, त्याने एकदाही वळणावर पुढे घुसण्याचा प्रयत्न केला नाही. सौंसरपर्यंत मराठी कानावर पडत असल्याने राज्य ओलांडल्याचे एरवी जाणवले नसते, परंतु परराज्याचा कर भाड्यात धरलेला नाही हे आम्हाला सीमेवर कळले. ‘सगळे धरून’ म्हणजे नेमके काय काय, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच लिहून घ्यावे.

छिंदवाडा आणि परासियाचा कोळसा खाणींचा पट्टा ओलांडला, की तामियाच्या कड्यावरून सातपुड्याच्या रांगा एकामागे एक दिसू लागतात. खरे तर दिवसातला सर्वांत सुंदर तास हाच होता. जवळची पातालकोटची खोल दरी वेळेअभावी सोडावी लागली.

माहुलझिरजवळच्या अनहोनीत पाणी जिथे वर येते, तिथे ते इतके कढत असते की हात घालण्याचे धाडस करू नये. पुढे त्याचा नाला होतो, त्यात निवलेल्या जागी पाय सोडून बसावे. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि नर्मदा-सोन नद्यांच्या पट्ट्यातील भ्रंशांच्या, म्हणजे भूकवचातील मोठ्या भेगांच्या, वाटेने पुन्हा वर येते. हे पाणी त्वचारोगांवर गुणकारी मानले जाते. मला मात्र दुखऱ्या गुडघ्यांना तेवढा आराम वाटला. पाण्यात गंधक असल्याने वास उग्र येतो आणि चांदी काळवंडते. पत्नीची जोडवी काळी पडल्यावर आम्हाला हे समजले.

चालकाला पूर्ण गुण, गाडीला चांगले, आखणीला मात्र निम्मेच. पुन्हा जायचे झाल्यास हीच गाडी दोन दिवसांसाठी ठरवून तामियाला मुक्काम करेन आणि चालकाच्या रात्रीच्या भत्त्याचे आधीच विचारून घेईन.