फ्लाइटरडार२४ ॲप: लेक विमानात असताना वापरलेलं, एका आईचा अनुभव

मी सांगलीची. लेक चार वर्षं झाली जर्मनीत श्टुटगार्टला नोकरीला आहे. हवेतलं विमान आत्ता कुठे आहे ते नकाशावर दाखवणारं हे ॲप मी पहिल्यांदा उघडलं २०२५ च्या जूनमध्ये, अहमदाबादला विमान पडलं त्याच आठवड्यात, आणि तेव्हापासून तिच्या प्रत्येक प्रवासाला वापरतेय. ज्यांची मुलं लांब आहेत आणि ज्यांना रात्री झोप लागत नाही त्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहिते. विमानाच्या तांत्रिक गोष्टींचे रिव्ह्यू भरपूर आहेत, आईच्या बाजूने कुणी लिहिलेलं मला तरी सापडलं नाही.

१२ जूनला लेक सुट्टीवर घरीच होती, हे आधी सांगायला हवं. दुपारची जेवणं झालेली, ती आतल्या खोलीत पडलेली, आणि टीव्हीवर बातमी आली. अहमदाबादहून लंडनला निघालेलं विमान, १ वाजून ३८ मिनिटांनी उडालं आणि अर्ध्या मिनिटात मेडिकल कॉलेजच्या होस्टेलवर पडलं, तिथे पोरं जेवायला बसलेली. विमानात २४२ जण, त्यातला एकच वाचला. खालचेही १९ गेले. हे आकडे नंतर कळले, तेव्हा फक्त धूर दिसत होता. आणि मी काय केलं तर उठून आतल्या खोलीत गेले, बघायला, की लेक आहे ना. मला माहीत होतं ती आहे, पंधरा मिनिटांपूर्वी तिला ताक दिलं होतं मी, तरी गेले. चादरीतून तिचा पाय बाहेर आलेला, अंगठा हलला, मग दार लोटून बाहेर आले.

तासाभरात फोन सुरू झाले. कोल्हापूरहून ताईचा, विट्याहून नणंदेचा, माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचा. "पोरगी कुठाय गं?" "घरीच आहे, झोपलीय." "मग बरंय." आणि मग फोन ठेवायचाच नाही कुणी, नुसतं धरून राहायचं. आमची लेक जाते मुंबईहून फ्रँकफर्टला, ते विमान अहमदाबादचं लंडनला जाणारं, कंपनी वेगळी, काही म्हणजे काही संबंध नाही. पण जीव असा नकाशा बघून घाबरत नाही ना. केबिन क्रूमधली मुलं डोंबिवली, बदलापूर, पनवेलकडची होती हे कळलं तेव्हा तर ते अहमदाबाद एकदम दारात आल्यासारखं झालं.

तिचं परतीचं तिकीट होतं १५ तारखेच्या रात्रीचं. १३ ला सकाळी उठतो तर इस्रायलने इराणवर हल्ला केलेला, तिकडची हवाई हद्द बंद, युरोपकडे निघालेली काही विमानं अर्ध्या वाटेतून परत फिरलेली. पाकिस्तानची हद्द आपल्या कंपन्यांना एप्रिलपासून बंदच होती. आमचे हे म्हणाले तिकीट पुढे ढकल. ती म्हणाली बाबा, सुट्टी संपलीय. मग रात्री माझ्याजवळ बसून तिने मला आकडे सांगितले. २०२४ मध्ये जगात ४ कोटी ६ लाख उड्डाणं झाली आणि त्यात जीवघेणे अपघात ७. अहमदाबादला पडलं ते ड्रीमलायनर जातीचं, त्या जातीची विमानं २०११ पासून प्रवासी नेतायत आणि माणसं दगावली अशी त्यांची ही पहिलीच वेळ. बर्लिनच्या गेर्ड गिगेरेन्झर नावाच्या प्राध्यापकांनी केलेला हिशोबही सांगितला, ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत लोक घाबरून विमान सोडून गाडीने फिरायला लागले आणि त्यामुळे वर्षभरात रस्त्यावर सुमारे दीड हजार माणसं जास्तीची गेली. सगळं पटलं मला. मी एवढंच म्हटलं, बाळा, त्या सात विमानांतल्या लोकांच्या आयांनाही हा आकडा कुणीतरी सांगितलाच असेल ना. ती गप्प झाली. मग माझा फोन घेतला आणि हे ॲप टाकून दिलं. म्हणाली आकडा नको तर विमानच बघ.

आता ॲपबद्दल. मूळ स्वीडनचं आहे, २००६ मध्ये विमानांची आवड असलेल्या दोघांनी छंद म्हणून सुरू केलेलं. उघडलं की नकाशा आणि त्यावर पिवळी पिवळी विमानं, इतकी की खालचा देश दिसत नाही. एखाद्यावर बोट ठेवलं की ते लाल होतं आणि खाली सगळं येतं, कुठून निघालं, कुठे चाललं, किती उंचीवर आहे, वेग किती. फ्लाइट नंबर टाकून शोधता येतं, तो तिकिटावर असतो. उंची फुटात आणि वेग नॉट्समध्ये दिसतो. ४८० नॉट्स म्हणजे ताशी ८९० किलोमीटरच्या आसपास, पण सेटिंगमध्ये जाऊन किलोमीटर करून घ्या, बरं पडतं.

ते चालतं कसं हे मला भाच्याने समजावलं आणि ते कळल्यावर माझी निम्मी भीती गेली, म्हणून तुम्हालाही सांगते. विमान आपण कुठे आहोत हे जीपीएसवरून ओळखतं आणि सेकंदा-सेकंदाला ते रेडिओवर सांगत राहतं, मी इथे, मी इथे. जगभर लोकांनी गच्चीवर छोटे रिसीव्हर लावलेत, ते हे ऐकतात आणि ॲपला पाठवतात. एक रिसीव्हर फार तर चारेकशे किलोमीटरपर्यंतचं ऐकतो. म्हणजे भर समुद्रात बऱ्याचदा ऐकायला कुणी नसतं. मग ॲप काही वेळ अंदाजाने विमान पुढे सरकवतं, तेही जमलं नाही तर विमान नकाशावरून जातं. हे नीट लक्षात ठेवा, नकाशावरून गेलं म्हणजे आकाशातून गेलं असं नाही. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडे, सायप्रस लेबनॉनच्या भागात जीपीएसमध्ये कुणीतरी गडबड करत असतं, तिथे विमान भलतीकडेच उडी मारल्यासारखं दिसू शकतं. ते बघून घाबरायचं नाही.

१५ तारखेला सांगलीहून गाडी करून निघालो. ड्रायव्हर ओळखीचा. कराड सोडलं आणि मला झोप लागली ती एकदम खंबाटकीला जाग आली. शेजारी लेक, ती पण झोपलेली. नंतर कितीतरी वेळा हे आठवलं मला, की २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, आणि त्या रस्त्यावर मी निवांत झोपले, आणि जे खरंच सुरक्षित त्यासाठी रात्रभर जागी. पण गाडीत ती माझ्या खांद्याला होती. हात लावला की लागत होती. मला वाटतं भीती आकड्याची नसतेच, हात न पोचण्याची असते.

तिला टर्मिनलवर सोडलं आणि ठाण्याला दिरांकडे आलो. सगळे झोपले. मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी स्टूल घेऊन बसले, फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवला. पावणेतीनच्या पुढे विमान हललं. आता हे वाचायला विचित्र वाटेल पण सांगते, या ॲपवाल्यांनीच जाहीर केलं होतं की अहमदाबादच्या विमानाचा शेवटचा सिग्नल ६२५ फुटांवर मिळाला, आणि तिथला विमानतळच मुळात दोनेकशे फुटांवर. म्हणजे जमिनीपासून जेमतेम सव्वाचारशे. तो ६२५ आकडा माझ्या डोक्यात बसला होता. धावपट्टीवर विमान लाल झालेलं, उंची शून्य, वेग वाढतोय. मग ३००. मग ५५०. मी ओटा धरला. मग एकदम ९७५. मग १४००, २१००, आणि विमान समुद्रावर वळलं. माझ्या पाठीमागे जाऊबाई कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. त्या म्हणाल्या, "गेलं ना वर?" मी म्हटलं, गेलं. त्यांनी चहा टाकला.

थोड्या वेळाने घरातलं वायफाय गेलं आणि पडदा गोठला. त्या नेटवाल्याचं हे नेहमीचंच आहे म्हणे, पण त्या वेळेला मनात नको नको ते आलं. मन चिंती ते वैरी न चिंती. जाऊबाईंनी त्यांच्या फोनचं हॉटस्पॉट लावून दिलं तेव्हा विमान ओमानच्या दिशेने निवांत चाललेलं. तर पहिली सूचना ही, मोबाइल डेटा चालू ठेवा.

पुढे ते सौदीवरून, इजिप्तवरून गेलं. नकाशावर इराण आणि इराकच्या जागी नुसता मोकळा पट्टा, एक विमान नाही, आणि कडेकडेने सगळी विमानं मुंगळ्यांसारखी दाटलेली. ते बघून पोटात कालवाकालव झाली, ती लेकीसाठी नाही. त्या मोकळ्या जागेतही माणसं झोपलेली असणार, त्यांच्याकडे तर ढुंकून बघायलाही ॲप नव्हतं.

काय आवडलं नाही किंवा माझ्यासारखीला झेपलं नाही ते. एक, आपत्कालीन अलर्टची सोय आहे. विमानाने ७७०० हा कोड लावला की फोन वाजतो, जगात कुठलंही विमान असो. ती सोय आवडीने विमानं बघणाऱ्यांसाठी आहे. आईने ती लगेच बंद करावी. बऱ्याचदा कुणी प्रवासी आजारी असतो किंवा काही बिघाड असतो आणि विमान नीट उतरतं, पण आपल्याला ते कळेपर्यंत आपण अर्धे होतो. दोन, विमान उतरता उतरता परत वर गेलं किंवा घिरट्या घालायला लागलं तर तो पायलटचा रोजचा भाग आहे, पावसाळ्यात मुंबईला हे खूप दिसतं. ॲप नुसतं वळण दाखवतं, कारण सांगत नाही. तीन, पैसे भरायची गरज मला पडली नाही, फुकटातलं पुरतं, जाहिराती मध्ये येतात तेवढ्या.

आणि मी स्वतःला लावलेला नियम. उड्डाण बघायचं, मध्ये एकदा बघायचं, उतरताना बघायचं. बस. पहिल्या वेळी मी आठ नऊ तास बघत बसले आणि दुसऱ्या दिवशी डोळे उघडेनात. आता उड्डाण झालं की देवापुढे दिवा लावून झोपते. झोप लागते का तर लागते, पहिल्यासारखी गाढ नाही, पण लागते. काळजी कमी झाली असं मी म्हणणार नाही. ती आता दिवसभर घरभर फिरत नाही, विमान हवेत असतं तेवढाच वेळ फोनशेजारी बसून राहते, एवढा फरक पडला. आणि तो माझ्यासाठी लहान नाही.

पाचपैकी चार स्टार. एक कमी अशासाठी की ॲपचं काम विमानतळावर संपतं आणि माझं संपत नाही. फ्रँकफर्टला उतरल्यावर तिला पुढे श्टुटगार्टची ट्रेन असते, बॅगांचं वजन असतं, त्यात शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट मीच कोंबलेलं असतं. त्या दिवशी साडेअकराच्या सुमारास ॲपवर 'लँडेड' आलं. आमचे हे म्हणाले, झालं, आता ठेव फोन. मी नाही ठेवला. आमच्याकडे निघताना 'येते' म्हणायचं आणि पोचल्यावर 'पोचले' कळवायचं, हे ती शाळेत सायकलने जायची तेव्हापासूनचं आहे. दुपारी पावणेचारला मेसेज आला, "पोचले. चटणी सांडली नाही." मग ॲप बंद केलं आणि जेवायला बसले.