नमुना बोलत होता, म्हणून मी पैसे दिले

मी कापडी खेळणी शिवते. कान दाबला की प्राण्यांचे आवाज काढणारा आणि सोंड दाबली की गोष्ट सांगणारा हत्ती करायचं फार दिवस मनात होतं. इलेक्ट्रॉनिक्समधलं मला काही कळत नाही, म्हणून सर्किट डिझाइन करून देणाऱ्या एका कंपनीला काम दिलं. चालता नमुना दाखवला तेव्हा ७० टक्के रक्कम त्यांच्याकडे गेली होती. उत्पादनाच्या फाइल्स मिळायच्या आधीच. चूक इथेच झाली.

नमुना सुरेख बोलला. डबी चारही बाजूंनी ग्लूने बंद होती, ‘मुलांच्या हाती काही लागू नये म्हणून’. मला ते पटलं. आत खास या हत्तीसाठी बनवलेली पीसीबी, म्हणजे सर्किटचा छापील बोर्ड, आहे आणि तीच जशीच्या तशी उत्पादनाला जाईल, असं त्यांनी ईमेलवर लिहून दिलं होतं.

घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी हत्ती गप्प. सेल बदलले, तरी पुन्हा तेच. ‘सेल हलके असतील’, एवढंच उत्तर आलं. शेवटी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या काकांकडे नेला. त्यांनी सेलच्या वाटेत मल्टिमीटर लावला. हत्तीला कुणी हातही लावलेला नव्हता आणि मीटरवर १८ मिलिअँपिअर! ट्रिपल ए अल्कलाइन सेलमध्ये साधारण १००० मिलिअँपिअर-तास असतात. भागून बघा, जेमतेम ५५ तास निघतात. नीट डिझाइन केलेलं खेळणं कुणी खेळत नसताना काही मायक्रोअँपिअरवर पडून राहतं, आणि मायक्रोअँपिअर म्हणजे मिलिअँपिअरचा हजारावा भाग.

काकांनी ब्लेडने ग्लू सोलून काढला. आत शिकणारी मुलं वापरतात तसला बाजारातला तयार बोर्ड होता. पिनांच्या दोन्ही रांगा तशाच, छापलेलं नाव मात्र सँडपेपरने घासून काढलेलं. त्याला वायरींनी जोडलेलं तयार एमपीथ्री मॉड्यूल, त्यात नखाएवढं मेमरी कार्ड. मी नुसतं बोट लावलं आणि ते टप्पकन बाहेर आलं. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासताना ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं वापरतात. खेळण्यातून सुटलेला तुकडा त्यात पूर्ण मावला, तर तो घशात अडकण्याचा धोका धरतात. हे कार्ड त्यात सहज मावतं. पैसे गेले त्याहून जास्त राग मला याचा आहे.

पहिला नमुना तयार बोर्डावर करण्यात गैर काहीच नाही, सगळेच करतात. पण तोच अंतिम आहे असं सांगून पैसे घ्यायचे आणि कळू नये म्हणून नाव घासून टाकायचं, ही सरळ फसवणूक आहे.

मग मी फाइल्सचा तगादा लावला. महिनाभराने गर्बर फाइल्स आल्या, म्हणजे ज्यांवरून कारखाना बोर्ड बनवतो त्या. असेंब्लीवाल्याने त्या उघडल्या आणि विचारलं, “ताई, तुमची डबी ६० मिलिमीटरची ना? हा बोर्ड ९० चा आहे. आणि खेळण्यात नेटवर्क केबलचं सॉकेट कशाला?” त्या दुसऱ्याच कुठल्यातरी वस्तूच्या फाइल्स होत्या. सोर्स कोड, म्हणजे चिपमधला प्रोग्रॅम मूळ लिहिलेल्या रूपात, मागितला तर कंपनीवाले म्हणाले, करारात नाही. खरंच नव्हता. करारात ‘डिझाइन आणि चालता नमुना’ एवढंच लिहिलेलं. चिपमधून कोड वाचायला जावं तर ती लॉक केलेली, आणि लॉक काढला की आतला कोडही पुसला जातो.

म्हणून करारात एकेक वस्तू नावानिशी लिहून घ्या: सर्किट आणि लेआउटच्या मूळ, बदलता येतील अशा फाइल्स, गर्बर, प्रत्येक पार्टचा उत्पादक आणि पार्ट नंबर असलेली यादी, फर्मवेअरचा, म्हणजे चिपमधल्या प्रोग्रॅमचा, सोर्स कोड. पीडीएफ पुरत नाही. या सगळ्याचा मालक कोण, हेही त्यातच लिहा. मोठा हप्ता हातात ठेवा. त्यांना न विचारता, फक्त त्या फाइल्सवरून दुसऱ्या कुणीतरी पाच-दहा बोर्ड बनवून चालवले, की मगच द्या. आणि नमुना बघताना डबी तुमच्यासमोर उघडायला सांगा. कारणं सांगायला लागले, तर तिथून उठा.

त्यांचा फोन आता लागत नाही. ईमेल जपून ठेवलेत, वकिलांना दिलेत. नव्या इंजिनिअरबाईंनी पहिल्याच आठवड्यात सोर्स कोड माझ्या खात्यावर ठेवायला सुरुवात केली. बोर्ड अजून अर्धाच झालाय, पण रोज काय बदललं ते मला दिसतं.