हौदाच्या तळाचं ताट: यूव्ही फिल्टरसोबत नऊ महिने

बेळगावजवळ खानापुरात आमच्या परड्यात गुरांना पाणी पाजायचा जांभ्याचा जुना हौद आहे. शेवटची म्हैस विकल्यावर तो चार वर्षं नुसता पालापाचोळा साठवत पडून होता. गेल्या वर्षी आतून सिमेंटचा गिलावा करून घेतला, त्याचा चुना उतरेपर्यंत तीनदा पाणी भरून सोडलं आणि मग मासे सोडले. हौद दहा फूट लांब, सहा फूट रुंद, अडीच फूट खोल. घनफुटाला २८.३ लिटर धरले तर सव्वाचार हजार लिटर पाणी होतं. हा हिशेब आधीच करून ठेवा. दुकानदार पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि अंदाजपंचे उत्तर दिलं की चुकीचं यंत्र गळ्यात पडतं.

फेब्रुवारीत ऊन तापायला लागलं आणि पंधरा दिवसांत पाणी मेंदी कालवल्यासारखं हिरवंगार झालं. मासे वर आले तरच दिसायचे. किती हिरवं हे नुसतं डोळ्यांनी ठरत नाही, म्हणून मी जर्मनचं एक जुनं ताट दोरीला बांधून पाण्यात सोडायला लागलो. वीतभर खाली गेलं की ताट गायब. हीच माझी मोजपट्टी, आणि पुढचं सगळं तिच्याच हिशेबानं सांगतो.

मार्चमध्ये बेळगावला जाऊन पंप, स्पंज-फिल्टरचा डबा आणि त्यात बसवलेला १८ वॅटचा यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा असा संच आणला. पंपासकट साडेसात हजार पडले. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. कारण पुढे येईल, आणि शिवाय आत बहुतेकांच्या डब्यात तोच प्रकार असतो.

दिवा काय करतो ते आधी समजून घ्या, नाहीतर माझ्यासारखी दोनदा निराशा होईल. पाणी हिरवं करतं ते एकपेशीय शेवाळ, पाण्यात तरंगणारं, डोळ्यांना सुटं न दिसणारं. पाणी दिव्याजवळून जाताना त्या किरणांनी या पेशी निकामी होतात, एकमेकींना चिकटतात आणि स्पंजमध्ये अडकतात. म्हणजे दिवा जे दिव्याजवळून वाहतं त्याच्यावरच चालतो. भिंतीला धरलेल्या शेवाळावर नाही, आणि मातीवर तर मुळीच नाही.

पहिले सहा दिवस काहीही फरक नव्हता. सातव्या दिवशी ताट दोन विती खाली दिसलं आणि अकराव्या दिवशी तळाशी टेकलेलं ताट, त्याच्या काठाला पडलेल्या पोच्यासकट, स्वच्छ दिसलं. खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं.

आठवडाभर मिरवलो असेन. मग पाणी काचेसारखं झाल्यामुळे ऊन थेट तळापर्यंत पोचायला लागलं आणि भिंतींवर लांब केसांसारखं दोऱ्यांचं शेवाळ वाढू लागलं. हे संचासोबतच्या कागदावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. यावर उपाय हातानंच. बाटल्या धुवायचा ब्रश काठीला बांधायचा, पाण्यात फिरवायचा, की शेवयांसारखं गुंडाळून येतं. भिंतीवरची मऊ, बुटकी, मखमलीसारखी हिरवाई मात्र खरवडू नका. तीही पाण्यातलं खत खाते आणि मासे ती चरतात.

शेजारचे मामा सुपारीवर बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, फवारतात. ते म्हणाले, "चिमूटभर मोरचूद टाक, दोन दिवसांत साफ." मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, त्यानं शेवाळ मरतं, यात शंका नाही. पण आमच्या आडाचं पाणी मऊ आहे, साबणाला बादलीभर फेस येतो, आणि मऊ पाण्यात तांबं माशांना कितीतरी जास्त बाधतं. शिवाय एकदम मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं आणि पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकायला लागतात. मामांना हो हो म्हटलं आणि पुडी सुपारीकडेच राहू दिली.

खरं कारण एप्रिलमध्ये सापडलं, तेही घरातच. दोऱ्यांचं शेवाळ काढून काढून हात दुखले तेव्हा मी पाणी तपासायचा थेंबांचा टेस्ट किट आणला. नायट्रेटची नळी गडद लाल, म्हणजे ते भरपूर. हे खत येतंय कुठून? मी सकाळी खाद्य घालत होतो. मुलगी शाळेतून आल्यावर घालत होती. आणि आई दुपारी जेवण झाल्यावर ताटातली भाताची शितं, भाकरीचा चुरा, कधी पोह्यांचा राहिलेला घास हौदात टाकत होती. "मुकी जनावरं, तोंड वर करून बघतात," असं तिचं म्हणणं. पोटात गेलेलं असो की तळाशी कुजलेलं, शेवटी त्याचा अमोनिया होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट म्हणजे शेवाळाला युरिया.

आईला बंद कर म्हणणं मला जमलं नाही. बायकोनं तोडगा काढला. एका जुन्या काजळाच्या डबीत दिवसाचं खाद्य भरून ती आईकडेच दिली आणि सांगितलं, "सासूबाई, आजपासून हे खातं तुमच्याकडे, दुसऱ्या कुणी घालायचं नाही." दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य. आता मुलगी जास्तीचं मागायला गेली तर आईच तिला ओरडते. दिव्यानं जे अकरा दिवसांत केलं ते दिसणारं होतं, डबीनं दीड महिन्यात केलं ते टिकणारं.

सावलीचाही उपयोग झाला. तीन कुंड्या कुमुदिनी लावली. पानांनी निम्मा पृष्ठभाग झाकला की ऊन आपोआप कमी पडतं. जलपर्णी कुणी फुकट देत असेल तरी घेऊ नका. पाणी साफ करते खरी, पण महिन्यात हौद दिसेनासा होतो, आणि उपटलेली मलप्रभा नदीत नेऊन टाकायचा मोह होतो, जे कधीही करू नये. वाळवून खतात घाला.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि एका रात्रीत हौद चहासारखा. ताट परत वीतभरावर. मला वाटलं दिवा गेला. उघडून बघितलं तर चालू. मग लक्षात आलं की हा रंग हिरवा नाही, तांबडा आहे. ज्या मातीनं खानापूरला कौलं आणि मडकी दिली तीच अतिबारीक माती पागोळ्यांच्या पाण्याबरोबर अंगणातून वाहत हौदात उतरत होती. तिला यूव्ही काय करणार? स्पंजमधूनही ती आरपार जाते. तुरटी फिरवायचा विचार आला होता, पण मऊ पाण्यात तुरटी आम्लता एकदम वाढवते, मासे दगावू शकतात. पत्र्याची पन्हळ लावून पागोळ्यांचं पाणी लांब नेलं, हौदाला जांभ्याचा एक थर चढवून काठ उंच केला, आणि डब्यात रोज धुवायचा पांढरा कापूस बसवला. आठ दिवसांत माती बसली. कोंबड्यांच्या खाद्यात घालायचा शिंपल्यांचा चुराही एका जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवला आहे. पावसाच्या पाण्यानं आम्लता वाढू लागली की तो हळूहळू विरघळतो आणि सांभाळून घेतो.

आता तक्रार. जुलैत एका रात्री करंट चार वेळा गेला-आला आणि दिव्याचा चोक जळाला. वॉरंटी वर्षाची होती. दुकानदार म्हणाला, व्होल्टेजमुळे जळालं तर वॉरंटी लागत नाही. कागदावर तसं कुठेही नव्हतं. वाद घालून दमलो आणि चोक स्वतःच्या पैशानं घातला. तेव्हापासून स्टॅबिलायझर लावला आहे आणि चोकची डबी छपराखाली, कोरड्या जागी टांगली आहे. दुसरी तक्रार पंपाची. खोक्यावर ताशी ३००० लिटर लिहिलेलं असतं ते पाणी वर चढवायचं नसेल तेव्हाचं. माझा डबा हौदाच्या वर तीन फुटांवर आहे. बादली लावून घड्याळात मोजलं तर जेमतेम २१०० भरलं. सगळं पाणी दोन तासांत एकदा फिरतं, म्हणजे काम भागतं, पण घेताना एक आकडा मोठा पंप घ्या.

वीज दोन्ही मिळून ५८ वॅट, दिवसरात्र चालू, म्हणजे महिन्याला ४२ युनिटच्या आसपास. पंप रात्री बंद करून वाचवायला जाऊ नका. स्पंजमधले जिवाणू वाहत्या पाण्यावर जगतात. त्याच कारणानं स्पंज नळाखाली धुवायचा नाही, नळाच्या क्लोरीननं ते मरतात. हौदाचंच पाणी बादलीत घेऊन त्यात पिळायचा. मी एकदा नळाखाली चकचकीत धुतला आणि पुढच्या आठवड्यात अमोनिया चढला, तेवढ्यात धडा मिळाला. दिव्याभोवतीची काचेची नळी दर दोन महिन्यांनी व्हिनेगरच्या फडक्यानं पुसावी. डबा उघडताना प्लग काढूनच उघडायचा, पेटलेल्या दिव्याकडे बघायचं नाही, डोळ्यांना इजा होते. दिवा निळसर पेटलेला दिसला तरी वर्षभरानं त्याची ताकद उतरलेली असते. माझा मार्चमध्ये बदलणार आहे.

घ्यावा का? पाणी हिरवं असेल तर घ्यावा, पण आधी महिनाभर खाद्य मोजून घाला आणि सावली करा. कदाचित लागणारही नाही.

गणपतीत एक खंड्या तारेवर येऊन बसायला लागला. हिरव्या पाण्यात त्याला कधी काही दिसलं नव्हतं, आता वरून सगळा बाजार मांडलेला दिसतो. ऑक्टोबरपर्यंत चार छोटे गोल्डफिश आणि किती गप्पी गेले त्याचा हिशेब नाही. गेल्या आठवड्यात हौदावर जाळी ताणली. तिचे नऊशे रुपये या फिल्टरच्याच खात्यात धरतो.