शाळा कुठे हवी ते क्यूजीआयएस सांगतं, केवढी हवी ते नाही

वाढत्या शहरी वस्तीसाठी शाळांच्या जागा ठरवताना तीन प्रश्न एकमेकांत गुंततात: मुलं किती, कोणत्या वर्षी, आणि राहतात कुठे. क्यूजीआयएस हे मोफत, मुक्तस्रोत नकाशा सॉफ्टवेअर तिसऱ्या प्रश्नाचं चोख उत्तर देतं. पहिले दोनही त्याच्यावर सोपवले तर फसगत होते. गॅरी शेरमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प आज विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो आणि परवान्याला एक पैसाही लागत नाही.

सुरुवात शाळांच्या यादीपासून. नाव, अक्षांश, रेखांश, वर्गखोल्या आणि पट असे रकाने असलेली सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) फाइल थेट लेयर, म्हणजे नकाशाचा एक थर, म्हणून उघडते. फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनात साठवलेली नसेल तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. शेपफाइल (नकाशाचा जुना फाइलप्रकार) टाळलेलीच बरी. तिच्यात रकान्याच्या नावाला दहाच बाइट मिळतात आणि देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे ‘पटसंख्या’ लिहायला घेतलं की ‘पटस’वरच गाडी अडते. जिओपॅकेज या नव्या फाइलप्रकारात ही कटकट नाही.

खरी मेख प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीत, आहे. अक्षांश-रेखांशातल्या लेयरवर १००० चं बफर (शाळेभोवती तेवढ्या अंतराचं वर्तुळ) मागितलं तर सॉफ्टवेअर ते १००० अंश समजतं. म्हणून आधी लेयर त्या भागाच्या यूटीएम पट्ट्यात (मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात) आणायची. पण मुळात बफरचं वर्तुळच शाळेसाठी कुचकामी आहे. नाला, रेल्वेमार्ग किंवा ओलांडता न येणारा महामार्ग मध्ये आला की नकाशावरचा एक किलोमीटर पायाखाली तिपटीने वाढू शकतो. वर्तुळं काढून ‘सगळी वस्ती व्यापली’ म्हणणारा आराखडा दिसला की रस्त्यांचा हिशेब मागायचा.

त्यासाठी नेटवर्क अ‍ॅनालिसिसमधलं ‘सर्व्हिस एरिया’ हे रस्त्यांवरून कुठवर जाता येतं ते काढणारं साधन आहे. ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशाचे रस्ते घ्यायचे, पायी जाता येत नाही असे महामार्ग गाळायचे, ‘शॉर्टेस्ट’ (कमीत कमी अंतर) निवडून खर्च, म्हणजे चालायचं अंतर, १००० मीटर द्यायचा. ‘फास्टेस्ट’ (कमीत कमी वेळ) निवडलं तर वेळ तासांत द्यावा लागतो आणि वेग बदलला नाही तर तो ताशी ५० किलोमीटर धरला जातो. सहा वर्षांचं मूल त्या वेगाने शाळेत पोहोचत नाही. ताशी ४ किलोमीटर आणि ०.२५ तास दिले की साधारण तोच एक किलोमीटर येतो. एकेरी वाहतुकीचा रकाना जोडू नये, पायी चालणाऱ्याला तो लागू नाही. निकाल रेषांच्या रूपात मिळतो. त्यांना ४०-५० मीटरचं बफर देऊन, एकत्र विरघळवून क्षेत्र तयार करायचं. स्वतः काढलेल्या रस्त्यांत चौकात सामाईक बिंदू नसेल तर तिथे जाळं तुटतं आणि क्षेत्र अचानक कापल्यासारखं दिसतं. असा कापलेला कोपरा दिसला तर आधी तो चौक तपासावा.

या क्षेत्रात मुलं किती हे क्षेत्रातल्या चौकटींचे आकडे गोळा करणाऱ्या ‘झोनल स्टॅटिस्टिक्स’ने मोजता येतं. वर्ल्डपॉप या लोकसंख्येच्या अंदाजी नकाशाच्या सुमारे १०० मीटरच्या चौकटींत ५ ते ९ असा वयोगट वेगळा मिळतो. ‘सम’ (बेरीज) घ्यायचा, ‘मीन’ (सरासरी) नाही. इथे जाणकारही चुकतात: लोकसंख्येचं रास्टर (चौकटींचा नकाशा) यूटीएममध्ये नेलं की चौकटी नव्याने मांडल्या जातात आणि बेरीज बदलते. रास्टरला हात लावू नये, क्षेत्रांनाच त्याच्या प्रक्षेपणात न्यावं. आणि हे आकडे अंदाजित आहेत. गेल्या वर्षी राहायला आलेल्या संकुलाचा त्यांत पत्ताही नसतो.

दोन शाळांची क्षेत्रं एकमेकांवर आली की तीच मुलं दोनदा मोजली जातात. क्यूनीट३ या प्लगइनने (जोड-सॉफ्टवेअरने) प्रत्येक गल्ली ते प्रत्येक शाळा असा अंतराचा तक्ता काढून जवळची शाळा नेमता येते. पण शाळा भरली की उरलेल्यांना पुढच्या शाळेकडे वळवणं, म्हणजे क्षमतेची मर्यादा पाळून वाटप, हे क्यूजीआयएसमध्ये तयार मिळत नाही. या कामासाठी ही सर्वांत मोठी उणीव. मग पायथॉनमध्ये प्रोग्रॅम तरी लिहा किंवा तक्त्यात हाताने सरकवा.

वर्षावार अंदाज स्प्रेडशीटमध्येच करावा. यंदाची दुसरी भागिले गेल्या वर्षीची पहिली, असं प्रत्येक इयत्तेचं गुणोत्तर काढून तीन ते पाच वर्षांची सरासरी घ्यायची. ४०० ची पहिली पुढच्या वर्षी ४२० ची दुसरी झाली तर गुणोत्तर १.०५, म्हणजे बाहेरून मुलं येत आहेत. हे आधीच्या बांधकामांमुळे असेल तर नव्या घरांची मुलं वेगळी मिळवताना तेवढा वाटा वजा करायला हवा, नाहीतर दुहेरी मोजणी होते.

नव्या घरांचं गणित उदाहरणादाखल असं: २,४०० घरं, दर १०० घरांमागे पहिली ते पाचवीची २५ मुलं धरली, तर ६०० मुलं, इयत्तेला १२०, ४० च्या तुकडीने तीन तुकड्या, एकूण १५ खोल्या. पण घरं चार वर्षांत भरणार असतील तर १५ खोल्या पहिल्या दिवशी नकोत. नव्या संकुलात तान्ह्या मुलांची कुटुंबं जास्त असली तर भार आधी पहिलीवर येतो, तिथे काही वर्षं चौथी तुकडी लागू शकते, आणि लाट वर सरकली की ती खोली मोकळी होते. दरशेकडा २५ हा आकडा उसना घेऊ नये. एक खोलीच्या आणि तीन खोल्यांच्या घरांत फार फरक पडतो. शेजारच्या, पाच वर्षं भरलेल्या संकुलांत घरं मोजून तो काढावा. मोजायची तीही राहती घरं, परवानगी मिळालेली नव्हे.

हे आकडे शाळेच्या संकेतांकाने क्षेत्रांना जोडले की ‘अ‍ॅटलास’ (अनेक नकाशे आपोआप काढण्याची सोय) एका फटक्यात प्रत्येक शाळेचा वेगळा नकाशा छापून देतो. पीडीएफमध्ये जोडाक्षरं फुटली तर निर्यात करताना मजकूर रेषाकृती म्हणून पाठवण्याचा पर्याय निवडावा. फाइल जड होते, पण नावं वाचता येतात.