रताळ्याच्या बेण्यातले विषाणू: कलम, पीसीआर की सिक्वेन्सिंग?

केळीवरच्या 'हरण्या' या विषाणूरोगाने खान्देशातल्या रोपवाटिकांना एक गोष्ट पक्की शिकवली: रोपातूनच आलेला विषाणू फवारणीने जात नाही. रताळ्यात धोका आणखी मोठा, कारण जुन्या वेलीचेच तुकडे पुन्हा लावले जातात. नुसता फेदरी मॉटल विषाणू असलेली वेल बहुतेकदा धडधाकट दिसते. त्यात पांढऱ्या माशीने पसरणारा क्लोरोटिक स्टंट शिरला की वेलीचा प्रतिकार ढासळतो, पहिला विषाणू बेसुमार वाढतो, पाने सुरकुततात आणि वेल खुरटते. म्हणून मातृवेल, म्हणजे जिचे तुकडे बेणे म्हणून लावायचे ती वेल, नजरेवर निवडू नये.

सर्वांत जुनी परीक्षा कलमाची. इपोमिया सेटोसा या, लक्षणे चटकन दाखवणाऱ्या रताळ्याच्या भाऊबंद वेलीच्या 3-4 पानांच्या रोपावर रताळ्याच्या वेलीचा एक-दोन डोळ्यांचा तुकडा पाचर मारून बांधायचा आणि 3 ते 6 आठवडे नवी पाने बघायची. खर्च नगण्य. मात्र विषाणूचे नाव कळत नाही, आणि कडक उन्हाळ्यात लक्षणे दबतात; आपल्याकडे हे काम थंडीतच करावे.

पीसीआर म्हणजे विषाणूच्या जनुकीय तुकड्याच्या असंख्य प्रती काढून तो ओळखणारी चाचणी; तिचा निकाल एक-दोन दिवसांत येतो. आरएनए विषाणूंसाठी, आधी आरएनएचा डीएनए करून घेणारी आरटी-पीसीआर लागते. पाने वर वळवणारा लीफ कर्ल डीएनए विषाणू आहे, त्याला साधी पीसीआर पुरते. पण ज्याचा प्रायमर (विषाणूच्या क्रमाला जुळणारा डीएनएचा छोटा तुकडा) टाकला तोच विषाणू सापडतो. रताळ्याचा चीक अभिक्रिया अडवतो, म्हणून वेलीच्या स्वतःच्या एखाद्या जनुकाची पट्टी (चाचणी नीट चालल्याची खूण) सोबत आलीच पाहिजे. ती नसेल तर 'निगेटिव्ह'ला अर्थ नाही. अशा वेळी अर्क दहापट पातळ करून चाचणी पुन्हा लावा.

सिक्वेन्सिंगला, म्हणजे जनुकीय अक्षरांचा क्रम वाचण्याला, आधी विषाणूचे नाव माहीत असावे लागत नाही. वेल विषाणूच्या आरएनएचे 21 ते 24 अक्षरांचे तुकडे करते. ते वाचून संगणकावर जुळवले की विषाणूचा क्रम उभा राहतो. लिमाच्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्रातल्या संशोधकांनी 2009 मध्ये हे रताळ्यावरच करून दाखवले. डीएनए विषाणूही याच वाचनात दिसतात.

पैसे वाया जातात ते ऑर्डर देताना. 'स्मॉल आरएनए लायब्ररी' (वाचनासाठी तयार केलेला या छोट्या तुकड्यांचा संच) असे स्पष्ट लिहा. साध्या आरएनए-सेकमध्ये (आरएनएच्या सिक्वेन्सिंगमध्ये) बहुधा पॉली-ए शेपटीचे, म्हणजे टोकाला 'ए' अक्षरांची रांग असलेले, रेणूच उचलतात. फेदरी मॉटलला ही शेपटी आहे, क्लोरोटिक स्टंटला नाही. म्हणजे जास्त घातक तोच निसटू शकतो आणि अहवाल स्वच्छ येतो! साधेच सेक करायचे असेल तर वेलीचा स्वतःचा भारंभार रायबोसोमल आरएनए काढलेली लायब्ररी मागा. आरएनए काढतानाही जपावे: बुळबुळीत अर्क लिथियम क्लोराइडने साफ केला, की नेमके छोटे तुकडे हातचे जातात. सीटीएबी या पेशी फोडणाऱ्या द्रावणात 2 टक्के पीव्हीपी (चिकातली अडथळा आणणारी द्रव्ये धरणारी पूड) घालून अल्कोहोलने साका बसवणे बरे.

नमुना एका पानाचा नको. विषाणू वेलीत सारखा पसरत नाही; शेंड्याचे, मधले आणि खालचे पान देठासकट घ्या. पाने कात्रीने बारीक करून वजनाच्या दहापट कोरड्या निळ्या सिलिका जेलमध्ये ठेवा आणि जेल गुलाबी पडले की बदला. मे महिन्यात ओली पाने प्लॅस्टिक पिशवीतून कुरिअरने पाठवली तर पोहोचेपर्यंत त्यांचा लगदा होतो.

अहवालात बॅडनाव्हायरस (डीएनए विषाणूंचा एक गट) दिसला म्हणून मातृवेल उपटू नका. तो रताळ्यात सर्रास सापडतो आणि बहुधा लक्षणे दाखवत नाही. विषाणूच्या जीनोमच्या (पूर्ण जनुकीय क्रमाच्या) एकाच कोपऱ्यात मोजकेच तुकडे जुळले असतील तर ते शेजारच्या नमुन्यातून आलेले असू शकतात. पीसीआरने खात्री करा.

पाच-दहा मातृवेली असतील आणि त्यांतून हजारो रोपे काढायची असतील, तर प्रत्येक मातृवेलीचे एकदा सिक्वेन्सिंग करावे असेच आम्ही सांगू. त्यात निघालेल्या विषाणूंचे प्रायमर बनवून पुढची प्रत्येक खेप पीसीआरने तपासा. फक्त स्वतःच्या दोन बिघ्यांसाठी बेणे हवे असेल तर कलम पुरेसे आहे. मातृवेली 50 मेशच्या (इंचाला 50 छिद्रे असलेल्या) जाळीत ठेवा. उघड्यावर मावा आणि पांढरी माशी पोहोचली की जुना अहवाल त्या वेलीला लागू राहत नाही.