ईस्टबोर्नमधले चौदा महिने: ऊन पाहून घर घेतले, ओल पदरात पडली

मागच्या फेब्रुवारीत झोपण्याच्या खोलीतले कपाट भिंतीपासून हातभर ओढले, तेव्हा मागच्या भिंतीवर काळसर हिरवी बुरशी पसरलेली दिसली, आणि कपाटाच्या तळाशी ठेवलेल्या फायलीतला भाडेकरार दमट होऊन त्याची पाने एकमेकांना चिकटली होती. ज्या कागदावर घर सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी लिहिलेली होती, त्यालाच बुरशी लागावी याचा राग इतका आला की हा अनुभव लिहायचे त्याच दिवशी ठरवले. मात्र तेव्हा लिहिला असता तर तो निम्मा चुकीचा ठरला असता, म्हणून थांबलो.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ईस्टबोर्नमध्ये पत्नीला रुग्णालयात नोकरी लागली, माझे काम घरून चालते आणि आठवड्यातून दोनदा लंडनला जावे लागते. व्हिक्टोरिया स्थानकापर्यंत रेल्वेने सुमारे दीड तास लागतो. गावाची निवड करताना मला भुरळ पडली ती उन्हाची. जुलै १९११ मध्ये इथे ३८३.९ तास ऊन पडले, आणि एका महिन्यातील उन्हाचा तो ब्रिटनमधील विक्रम मानला जातो. रत्नागिरी जिल्ह्यात वाढलेल्या माणसाने उन्हाच्या आकड्यावरून गाव निवडावे, हे आता मलाच हास्यास्पद वाटते.

गावाबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. समुद्रासमोरच्या लांबलचक रस्त्यावर दुकानांची रांग नाही. ही जमीन ज्यांच्याकडे होती त्या ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या घराण्याने एकोणिसाव्या शतकात गाव आखताना घातलेली शिस्त अजून दिसते. १८७० साली खुला झालेला पिअर, म्हणजे समुद्रात शिरलेला लांब धक्का, २०१४ च्या आगीत काही भाग गमावूनही उभा आहे. पश्चिमेला बीची हेडचा पांढरा खडूचा कडा समुद्रापासून १६२ मीटर उंच उठतो, आणि त्यावर चालायला तिकीट लागत नाही, ही गोष्ट माझ्या स्वभावाला विशेष मानवते. किनाऱ्यावर मात्र वाळूऐवजी गोटे आहेत. लाटांबरोबर ते पूर्वेकडे सरकत राहतात, त्यांना अडवायला ठरावीक अंतरावर आडवे बांध घातले आहेत, आणि अनवाणी चालायची सवय असलेल्या माणसाचे तळवे पहिल्या दहा पावलांतच हार मानतात. वाळूचे दर्शन ओहोटीला होते.

आता पुन्हा ओलीकडे येतो, कारण या चौदा महिन्यांत माझा वेळ कड्यापेक्षा भिंतीपुढे अधिक गेला आहे. आमचे घर एकोणिसाव्या शतकातल्या चाळवजा रांगेतले आहे. त्याच्या भिंती भरीव विटांच्या आहेत, म्हणजे नंतरच्या घरांत दोन भिंतींमध्ये असते तशी पोकळी इथे नाही. समुद्राकडून वारा सुटला की पाऊस आडवा येतो आणि भिंत दिवसभर भिजत राहते. घरमालकाच्या एजंटला छायाचित्रे पाठवली, तर उत्तर आले की ही ओल बाहेरून आलेली नाही, तुमच्या राहणीमुळे आलेली आहे: आपण स्वयंपाक फार करता, कपडे घरात वाळवता, खिडक्या उघडत नाही. हे वाचून डोके फिरले. सहा आठवडे पत्रव्यवहार चालला. १९८५ च्या जमीनमालक-भाडेकरू कायद्याचे अकरावे कलम मी जवळजवळ पाठ केले. इमारतीचा बाहेरचा भाग, त्यात पन्हळी आणि बाहेरचे पाइपही आले, मालकाने दुरुस्त ठेवायचे असतात. राहण्यास अयोग्य घराबाबतचा २०१८ चा कायदाही त्यांना कळवला. पाच आठवड्यांच्या भाड्याइतकी अनामत रक्कम त्यांच्याकडे अडकलेली, त्यामुळे जाताना ही बुरशी आपल्याच माथी मारली जाईल ही धास्ती मनात होतीच.

शेवटी एक दुरुस्ती कामगार शिडी लावून वर चढला, तेव्हा पन्हळीत सीगलच्या घरट्याची काटकी, पिसे आणि माती अडकून पाणी थेट भिंतीवर उतरत असल्याचे निघाले. एजंटने दिलगिरी व्यक्त केली नाही. पन्हळ साफ झाली आणि वरच्या कोपऱ्यातली ओल महिन्याभरात सुकली. माझा विजय झाला असे मी दोन दिवस समजत होतो.

परंतु कपाटामागची बुरशी तशीच राहिली. मग आर्द्रतामापक आणला. रात्रीची आर्द्रता ८१ टक्के निघाली, आणि इथे मला माझे मत बदलावे लागले. कोकणात पावसाळ्यात आपण खिडक्या बंद ठेवतो, कारण बाहेरची हवा आतल्यापेक्षा दमट असते. मी इथेही तेच केले होते. हिवाळ्यात इथे गणित उलटे असते. बाहेरची थंड हवा कितीही दमट वाटली तरी तिच्यात पाण्याची वाफ मुळात थोडीच मावते, आणि घरात येऊन ती तापली की कोरडी होते. आमच्या कुकरच्या शिट्ट्यांची, डाळ-भाताची, अंघोळीची आणि हीटरवर टाकलेल्या ओल्या कपड्यांची वाफ मात्र बंद घरात फिरत राहते आणि सर्वांत थंड पृष्ठभाग शोधते. आमच्याकडे तो पृष्ठभाग म्हणजे बाहेरच्या भिंतीला घट्ट चिकटवलेल्या कपाटाची मागची बाजू. एजंटचे म्हणणे अर्धे खरे होते, हे लिहिताना माझी लेखणी थोडी अडखळते.

त्यानंतर रोज सकाळी दहा मिनिटे समोरासमोरच्या खिडक्या उघडतो, कुकर लावताना एक्झॉस्ट पंखा चालू ठेवतो, आणि हवेतली ओल शोषणारे १६० पौंडांचे डीह्युमिडिफायर घेतले आहे. ही खरेदी मी तीन महिने टाळली आणि त्या काळात बुरशीनाशक फवाऱ्यांवर जवळजवळ तेवढाच पैसा घालवला, त्याचा हिशेब पत्नीने वहीत लिहून ठेवला आहे. दोनशे वॅटचे हे यंत्र आठ तास चालते. दररोज सुमारे ४० पेन्सची वीज जाते आणि टाकीत दोन लिटर पाणी जमते. ते ओतताना दर वेळी वाटते की हे सगळे आपण एरवी श्वासातून घेत होतो. आर्द्रता आता ५८ च्या आसपास असते.

गावाला पाचपैकी साडेचार आणि घराला तीन गुण देतो. पन्हळीपूर्वी घराला दीडच दिला असता. समुद्राजवळ जुने घर भाड्याने घ्यायचे असेल, तर ते उन्हाळ्यातल्या छान दुपारी पाहू नका. नोव्हेंबरमध्ये, पाऊस पडत असताना जा, पन्हळीतून पाणी कुठे पडते ते रस्त्यावरून पाहा, आणि मालकाची परवानगी घेऊन कपाट भिंतीपासून ओढून पाहा.